पाइनच्या फळीतली अरुंद वलयं : दुष्काळ नेमका कोणत्या वर्षाचा?

फळीकूट
सामानाच्या खोक्यांच्या दोन फळ्या माझ्याकडे पडून आहेत, दोन्ही पाइनच्या. परवा करवतीने टोकं कापली आणि सहज भिंग लावलं. पहिल्या फळीत नऊ सेंटिमीटर रुंदीत जेमतेम सात वलयं, एकेक बोटाएवढं जाड. दुसरीत तेवढ्याच जागेत साठपर्यंत मोजली, मग डोळे चुरचुरायला लागले म्हणून सोडून दिलं. या दुसरीत एका ठिकाणी पाचसहा वलयं इतकी चिकटून आहेत की नखाने एकच रेघ वाटते. त्यांच्या आधीची बरी रुंद, नंतरची हळूहळू सैलावत गेलेली.

माझा अंदाज असा की ही पाचसहा कोरडी वर्षं. अंदाज बरोबर आहे का? असेल तर ती कोणती वर्षं हे कळू शकतं का? आणि पाऊस आणि पाइन यांचा हिशोब इतका सरळ असतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आळसोबा
फळी टाकून दिली असती तर आज भिंगही लागलं नसतं आणि धागाही. (जागा धरून ठेवतो, वाचतोय.)

सूचिपर्ण
फळीकूट, अंदाज चुकीचा नाही, पण घाईचा आहे. काही वर्षं झाडांच्या खोडातून गाभे काढून वलयं मोजायचं काम केलंय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी ती सात वलयांची फळी. ती बहुधा लागवडीच्या पाइनची. रेडियाटा नावाचा पाइन मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या दोनचार जागांचा, पण न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलियात त्याची अफाट लागवड आहे. ओल भरपूर, थंडी माफक, त्यामुळे तो वर्षाला सेंटिमीटरभर सहज जाड होतो. दुसरी फळी थंड किंवा कोरड्या मुलखातल्या, रेंगाळत वाढलेल्या झाडाची असणार. रुंदीतला हा फरक दुष्काळाचा नाही, जात आणि जागेचा आहे.

आता एकच वलय भिंगाखाली धरा. आतल्या बाजूला फिकट, भुसभुशीत भाग दिसेल आणि बाहेरच्या बाजूला गडद, कडक पट्टी. हंगामाच्या सुरुवातीला ओल असते, तेव्हा झाड मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या पेशी बांधतं. पाणी वर चढवायला त्याच उपयोगी. हंगाम सरत आला की पेशी लहान आणि भिंती जाड होतात, ती गडद पट्टी. मग वाढ थांबते आणि पुढच्या वर्षी एकदम फिकटापासून सुरुवात. म्हणून गडद पट्टीची बाहेरची कड ब्लेडने कापल्यासारखी स्वच्छ असते.

इथेच फसगत होते. ऐन हंगामात मध्येच ओल आटली तर झाड लगेच जाड भिंतींच्या पेशी करायला लागतं. नंतर पाऊस आला की पुन्हा पातळ. झालं, एकाच वर्षात दोन गडद पट्ट्या. आम्ही याला खोटं वलय म्हणतो. ओळख एकच : त्याच्या दोन्ही कडा विरत जाणाऱ्या असतात, बाहेरची कड स्वच्छ नसते. उलटही होतं. फारच वाईट वर्षी खोडाच्या खालच्या भागात लाकूड धरतच नाही, वलय गायब. तेव्हा तुमचे साठ म्हणजे साठ वर्षंच असं छातीठोकपणे म्हणू नका.

रानवाट
मग वर्ष कोणतं हे ठरवतात तरी कसं? एका झाडाचं वलय खोटं, दुसऱ्याचं गायब!

सूचिपर्ण
एकट्या झाडावर विश्वास न ठेवून. एकाच भागातल्या वीसेक झाडांचे गाभे घ्यायचे (पेन्सिलीहून बारीक गाभा निघतो, झाडाला मोठी इजा होत नाही) आणि रुंद-अरुंदाचा नमुना एकमेकांशी जुळवत जायचा. अरुंद, अरुंद, रुंद, फार अरुंद अशी चाल सगळ्यांत सापडली की गायब वलयाची जागा आपोआप उघडी पडते.

ही पद्धत बसवली ए. ई. डग्लस यांनी, आणि गंमत म्हणजे ते वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते, खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र झाडांत उमटतं का हे त्यांना पाहायचं होतं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ॲरिझोनातल्या पाँडेरोसा पाइनची वलयं मोजायला लागले. सूर्यडाग राहिले बाजूला, पाऊस सापडला. पुढे प्राचीन वस्त्यांमधल्या लाकडी तुळयांची वलयं ते जुळवत गेले, पण जिवंत झाडांची मालिका आणि तुळयांची मालिका यांच्यात एक खिंडार होतं. १९२९ साली ॲरिझोनातल्याच शो लो इथे एक जळकी तुळई मिळाली आणि दोन्ही टोकं सांधली गेली. खिंडार पडलं होतं ते बरोब्बर तेराव्या शतकाच्या शेवटाजवळ. १२७६ ते १२९९ हा तिथला मोठा दुष्काळ, त्या काळातली वलयं केसासारखी.

आळसोबा
थोडक्यात, झाड रोजनिशी लिहितं.

कोरडवाहू
रोजनिशी नाही हो, खतावणी. रोजनिशीत आजचं आज लिहून मोकळं होतात. खतावणीत मागील बाकी पुढे ओढावी लागते, आणि पाइनचं सगळं गणित त्या मागील बाकीवर चालतं.

शेंड्याची कळी बघा. स्कॉट्स पाइनसारख्या कितीतरी पाइनमध्ये यंदाच्या फांदीला किती सुया धरायच्या हे गेल्या वर्षीच कळीत ठरून बसलेलं असतं. यंदा पाणी कमी पडलं तर सुया आखूड राहतील. पण कळी लहान धरली म्हणून फांदीची वाढ मार खाईल ती पुढच्या वर्षी, मग तेव्हा पाऊस कितीही पडो. त्यातून सुई एका वर्षात गळत नाही. बहुतेक पाइनवर ती दोनतीन वर्षं टिकते, ब्रिसलकोन पाइनवर तीस वर्षांहूनही जास्त. म्हणजे वाईट वर्षाच्या आखूड, विरळ सुया पुढची काही वर्षं झाडाला तोकडंच कमावून देतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एखाद्या पाइनची फांदी टोकाकडून मागे बघत जा. दरवर्षीचा पेरा वेगळा कळतो. लांब सुया, लांब सुया, मग एकदम दाढीच्या खुंटासारख्या आखूड सुयांचा पट्टा, मग पुन्हा लांब. खोड न कापता दुष्काळ हातात येतो.

म्हणून फळीकूट, तुमचं ते 'नंतर हळूहळू सैलावत गेलेली' वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मोठ्या दुष्काळानंतर पाऊस पूर्ववत झाला तरी झाडं एक ते चार वर्षं मागेच रेंगाळतात, आणि कोरड्या भागातल्या पाइनकुळात हे जास्तच दिसतं. सहा अरुंद वलयं म्हणजे कदाचित दोनच वर्षं दुष्काळ आणि चार वर्षं कर्जफेड.

फळीकूट
हे भारी आहे. म्हणजे दुष्काळ किती वर्षं चालला हेही वलयं मोजून सांगता येत नाही?

सूचिपर्ण
सरळ मोजून नाही. आणि वर्ष म्हणजे कोणते महिने हाही प्रश्न आहेच. ॲरिझोना-न्यू मेक्सिकोकडच्या पाँडेरोसाचं फिकट लाकूड मुख्यतः आधीच्या हिवाळ्यातल्या बर्फाच्या आणि पावसाच्या ओलीवर धरतं. तिकडेही उन्हाळी मोसमी पाऊस असतो, त्याचा ठसा बाहेरच्या गडद पट्टीत सापडतो. त्यामुळे दोन पट्ट्या वेगवेगळ्या मोजल्या की एकाच वर्षातले दोन ऋतू सुटे करता येतात. उन्हाळा कोरडा गेला म्हणून अख्खं वलय बारीक होईलच असं नाही.

ध्रुवतारा
सगळे दुष्काळ दुष्काळ करताय, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. पाइन सगळीकडे पाण्यासाठी तडफडत नसतो. उत्तर स्कँडिनेव्हियात स्कॉट्स पाइनचं वलय पावसापेक्षा जुलैच्या उबेवर हलतं. उबदार उन्हाळा म्हणजे रुंद वलय. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या डोंगरांवर वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडं वाढत नाहीत ती उंची) अगदी काठावरचे ब्रिसलकोन गेल्या अर्धशतकात आधीच्या कित्येक शतकांपेक्षा जोमाने वाढलेत. तापमानवाढ म्हणजे पाइनचा घात असं सरसकट लिहू नये.

कोरडवाहू
मान्य. पण तुमच्याच डोंगरावरून थोडं खाली उतरा. वृक्षरेषेपासून शेदीडशे मीटर खालचे ब्रिसलकोन उबेवर नाही, ओलीवर हलतात. जात तीच, डोंगर तोच. कुठे काय तुटपुंजं आहे त्यावर वलय ठरतं.

आणि ब्रिसलकोनचा विषय निघालाच आहे तर : सगळ्यात जुनी झाडं सुखात वाढलेली नाहीत. एडमंड शुलमन यांनी १९५७ साली कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधल्या मथुसेला नावाच्या ब्रिसलकोनची वलयं मोजली, आज त्याचं वय ४,८०० वर्षांच्या वर. मुरमाड जमीन, पाऊस नावाला, वाढ इतकी मंद की लाकूड राळेने गच्च आणि दगडासारखं. बुंध्याचा बराचसा भाग मेलेला, सालीची एक चिंचोळी पट्टी तेवढी जिवंत. अंथरूण पाहून पाय पसरावेत तर यांनीच. (१९६४ साली नेवाडात असंच एक झाड अभ्यासासाठी तोडलं आणि मग ४,८६२ वलयं मोजली गेली. यावर काय बोलणार.)

ध्रुवतारा
बरोबर, ठिकाणाचा मुद्दा मान्य. थंडीचा आणखी एक पैलू राहिला. कडाक्याची थंडी पाइनची राखणदार असते. ब्रिटिश कोलंबियात लॉजपोल पाइनच्या सालीत माउंटन पाइन बीटल नावाचा भुंगा शिरतो, त्याच्या अळ्या उणे चाळीसच्या आसपासच्या थंडीत मरतात. हिवाळे मवाळ झाले, राखण उठली, आणि १९९०च्या दशकापासून १ कोटी ८० लाख हेक्टरच्या वर जंगलाला झळ बसली. तेव्हा माझ्या वरच्या प्रतिसादाची दुसरी बाजू मीच देऊन टाकतो.

गणिती
पाऊस आणि तापमान वेगवेगळं धरल्यामुळे गोंधळ होतोय. झाडाच्या दृष्टीने एक तिसरी गोष्ट असते : हवेची तहान. २० अंशांना हवा बाष्पाने पूर्ण भरली तर बाष्पदाब सुमारे २.३४ किलोपास्कल असतो, ३० अंशांना ४.२४. समजा २० अंशांना हवा निम्मी भरलेली आहे, म्हणजे १.१७ भरलंय आणि १.१७ रिकामं. बाष्प तेवढंच ठेवून हवा ३० अंशांवर नेली तर रिकामी जागा ३.०७ होते. थेंबभरही पाऊस कमी न होता सुयांमधून पाणी ओढणारा जोर अडीचपटीच्या वर गेला! पर्जन्यमापकाला यातलं काही कळत नाही, झाडाला कळतं.

रानवाट
हे उदाहरण जपून ठेवतेय. पण मग पाइन करतो काय? पाणी ओढलं जातंय, जमिनीत नाही. पुढे?

सूचिपर्ण
दार लावून घेतो. सुयांवरची पर्णरंध्रं बंद. या बाबतीत पाइन फार सावध, भित्राच म्हणा ना. अमेरिकेच्या कोरड्या नैर्ऋत्येत पिन्यॉन पाइनच्या शेजारी वाढणारा जुनिपर (हाही सूचिपर्णी, पण पाइन नव्हे) जमीन बरीच सुकली तरी रंध्रं उघडी ठेवून पाणी खेचत राहतो. पिन्यॉन पाइन मात्र आतला ताण उणे २ मेगापास्कलच्या आसपास गेला की दुकान बंद करतो. त्यामुळे नळ्यांमध्ये हवा शिरून पाण्याची धार तुटायचा धोका टळतो, पण त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत यायचा, तोही थांबतो. कमाई शून्य, खर्च चालू.

२००२-०३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्येला याची परीक्षाच झाली. पिन्यॉन हजारो चौरस किलोमीटरवर मेले, काही ठिकाणी दहातले नऊ, आणि मध्येमध्ये जुनिपर बऱ्यापैकी हिरवे उभे. १९५०च्या दशकातला तिथला दुष्काळ पावसाच्या हिशोबाने जास्त कोरडा होता, या खेपेला हवा जास्त गरम होती. गणितींचं २० आणि ३० अंशांचं उदाहरण तिथे जमिनीवर उतरलेलं दिसतं.

मीमांसक
म्हणजे पाइन उपासमारीने मरतो असं झालं. सावधपणाच नडला.

सूचिपर्ण
मलाही पूर्वी तसंच वाटायचं, आणि ते ऐकायला इतकं नीटस आहे की सोडवत नाही. पण मेलेल्या झाडांच्या ऊतींत साखर-पिष्ट किती उरलं हे निरनिराळ्या जातींत मोजलं तेव्हा साठा दरवेळी आटलेला नव्हता. पाण्याच्या नळ्या बंद पडल्याची खूण मात्र जवळपास सगळ्यांत होती. रंध्रं बंद केली तरी सुईच्या कातडीतून थोडं पाणी झिरपत राहतंच, आणि हवा तापली की तेही वाढतं. सूचिपर्णी वृक्षांत उपासमारीचा हात जास्त दिसतो हे खरं, पण एकटीवर खून लावता येत नाही.

आणि प्रत्यक्षात शेवटचा घाव बहुतेक वेळा तिसऱ्याच कोणाचा असतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो साल पोखरणारा भुंगा. धडधाकट पाइन भोक पडताच त्यात राळ सोडून भुंग्याला बाहेर ढकलतो किंवा बुडवतो. राळ करायला कार्बन लागतो, ती जोरात बाहेर यायला खोडात पाण्याचा दाब लागतो. दुष्काळात दोन्हीची वानवा.

पाचोळा
हे वाचून पोटात कालवलं. आमच्या दारात एक पाइन होता. कोरड्या उन्हाळ्यात तो पूर्ण हिरवा होता म्हणून आम्ही निर्धास्त. सालीवर मक्याच्या लाहीएवढे पिवळट गोळे आले होते, मला वाटलं राळ आहे, चांगलंच लक्षण. बुंध्याशी सालीच्या खाचांत विटकरी रंगाचा भुसा साठलेला. तोही मी झाडूने काढला! नंतर पाऊस चांगला झाला आणि पुढच्या वसंतात झाड शेंड्याकडून पिवळं, मग लालसर तपकिरी होत गेलं. मी चांगल्या पावसाला आणि माझ्या पाणी घालण्याला दोष देत राहिले, मुळं कुजली असतील म्हणून.

सूचिपर्ण
पाचोळाताई, तुमचं पाणी घालणं निर्दोष आहे. ते गोळे म्हणजे झाडाने दिलेली झुंज : भुंगा शिरला तिथे राळ आली. गोळा पांढरट, मऊ आणि त्यात मेलेला भुंगा असेल तर झाड जिंकलं. भुशाने तांबूस झालेला गोळा आणि खाली कोरडा भुसा म्हणजे राळ कमी पडली, भुंगा आत गेला. तुमचं झाड त्या उन्हाळ्यातच संपलं असणार. भुंग्यासोबत आलेली बुरशी पाण्याच्या वाटा बुजवते, पण पाइनच्या सुया त्यानंतरही कित्येक महिने हिरव्या दिसत राहतात. हिरवा रंग म्हणजे जीव आहे असं पाइनच्या बाबतीत धरू नये.

कॅलिफोर्नियात हेच कोट्यवधींच्या आकड्यात झालं. दुष्काळ २०१२ ते २०१६, आणि मेलेल्या झाडांची गणती १० कोटींच्या वर. मरण एकदम पहिल्या वर्षी आलं नाही, तिसऱ्याचौथ्या वर्षी उसळलं.

आळसोबा
मेगापास्कल, बीटल... मला एवढंच सांगा, देवदार म्हणजे पाइनच ना?

रानवाट
नाही. देवदार वेगळ्या प्रजातीचा. हिमालयातला चीड आणि कैल हे पाइन. सोपी खूण : पाइनच्या सुया बुडाशी जुडीत बांधलेल्या असतात. चीडच्या जुडीत तीन, कैलच्या पाच, स्कॉट्स पाइनच्या दोन. (एकच सुई असलेलाही एक पाइन आहे, नियम मोडायला.)

मीमांसक
हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलाय, मग रंध्रं कमी उघडूनही पोट भरायला हवं. हा फायदा कोणी धरलेला दिसत नाही.

गणिती
फायदा आहे. लाकडातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून (हलक्या आणि जड कार्बन अणूंच्या प्रमाणावरून) दिसतं की त्याच पाण्यात झाडं आता जास्त कार्बन कमावतात. पण कोरड्या भागांत त्या प्रमाणात वलयं काही रुंदावलेली नाहीत. पगार वाढला, महागाई त्याहून वाढली.

फळीकूट
उपाय काही? पाणी देणं हा उपाय होऊ शकतो का? (जंगलाला नव्हे, तत्त्वतः विचारतोय.)

कोरडवाहू
जंगलालाच देऊन पाहिलंय! स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात फिनवाल्ड नावाचं स्कॉट्स पाइनचं जंगल आहे, आल्प्सच्या आतली कोरडी दरी. तिथे २००३ पासून जंगलाच्या काही तुकड्यांना उन्हाळ्यात पाणी घालतात. सुया लांबल्या, मुकुट दाट झाले, वलयं रुंदावली. अकरा वर्षांनी त्यातल्या काही तुकड्यांचं पाणी मुद्दाम तोडलं. रंध्रांनी काही दिवसांतच नव्या परिस्थितीशी जुळवून घेतलं. सुयांची आणि फांद्यांची लांबी, मुकुटाची दाटी, खोडाची जाडी मात्र शेजारच्या कोरड्या झाडांच्या पातळीवर यायला चार वर्षांपर्यंत वेळ लागला. पुन्हा तीच मागील बाकी, फक्त या वेळी जमेची.

प्रत्यक्षातला उपाय म्हणजे विरळणी. दाटीतली झाडं एकाच ओलीवर तुटून पडतात. काही काढली की उरलेल्यांची वलयं रुंद होतात आणि दुष्काळ सोसायची ताकद वाढते. कॅलिफोर्नियातली दाटी नैसर्गिक नव्हती; शतकभर प्रत्येक लहान वणवा विझवल्यामुळे रान गच्च भरलं होतं. रोपांची गोष्ट आणखी निराळी. मोठं झाड खोलवरची ओल शोधू शकतं, रोपाचं जग वरच्या वीतभर मातीत, आणि तीच आधी सुकते. लाँगलीफ पाइनने यावर नामी युक्ती काढलीय. पहिली काही वर्षं तो वर वाढतच नाही, गवताच्या झुबक्यासारखा बसून राहतो आणि सगळी कमाई सोटमुळात घालतो.

फळीकूट
सगळ्यांचे आभार. आज दुसऱ्या फळीचं टोक नव्या ब्लेडने तासलं, पाण्याचं बोट फिरवलं आणि सूचिपर्ण म्हणाले तसं प्रत्येक गडद पट्टीची बाहेरची कड तपासली. चिकटलेल्या सहांपैकी तिसरीच्या दोन्ही कडा विरलेल्या आहेत. म्हणजे ते खोटं वलय, आणि वर्षं पाचच. पहिलं एकदम बारीक, दुसरं त्याहून बारीक, आणि पुढची तीन केसाकेसाने वाढत गेलेली. दोन वर्षं दुष्काळ आणि तीन वर्षं परतफेड म्हणायला हरकत नाही ना?

सूचिपर्ण
कड बरोबर ओळखलीत. पण अळ्यांनी सुया खाल्ल्या तरी खोडात अगदी हीच चाल उमटते. एकाच झाडाच्या साक्षीवर दुष्काळ म्हणून शिक्का मारू नका.

फळीकूट
खोकं अजून अडगळीत आहे, त्याला आणखी चार फळ्या आहेत. एकाच लाकडाच्या नसतील अशी आशा. पक्कड घेऊन बसतो.